घड्याळाची काच कशाने चिकटवावी?

घड्याळाची काच निखळली की घरातले प्रत्येक माणूस एकाएकी कारागीर होते. कोणी म्हणतो, नखांना लावायचा बिनरंगी रंग कडेने फिरवा. कोणी म्हणतो, सुतार लाकडाला लावतात तो पांढरा डिंक लावा. हा वाद रंगात आलेला असतानाच घरातले शाळकरी चिरंजीव टेबलाच्या खणातून एक चिमुकली नळी काढतात, दोन थेंब टाकतात, काच दाबतात आणि 'झाले!' म्हणून विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहतात. काच बसलेली असते खरी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तो घड्याळावर महाबळेश्वरचे धुके उतरलेले! काच आतून पांढुरकी, तबकडी पांढुरकी, आणि किती वाजले हे शेजाऱ्याला विचारायची पाळी.

ती काच असते राणीच्या छापाच्या जुन्या रुपयाएवढी. तिला धरून ठेवायला जो डिंक लागतो, तो तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. एवढ्याशा डिंकाची निवड करण्यात अशी काय मोठी विद्या आहे, असे कोणालाही वाटेल. पण ती आहे, आणि ती मला हिंजवडीच्या एका घड्याळजींकडे बसून कळली.

हिंजवडी म्हटले की आज डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या काचेच्या उंच इमारती, कंपन्यांच्या बसगाड्या आणि शिवाजी चौकातली, मुंगीच्या पावलांनीसुद्धा न सरकणारी वाहनांची रांग. परंतु मुळशी तालुक्यातले हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. म्हातोबाची यात्रा इथे अजून भरते, बगाड अजून निघते. त्या जुन्या गावाच्या अंगाला एका पत्र्याच्या टपरीत हे घड्याळजी बसतात. वय सत्तरीकडे झुकलेले, एका डोळ्याला भिंग, समोर पांढरा कागद अंथरलेले मेज आणि त्यावर चिमटे, पेचकस, रबरी फुगा. गिऱ्हाईक बहुतेक संगणकाच्या कंपन्यांतले. मनगटावर नाडीचे ठोके मोजणारे नवे यंत्र असते, आणि खिशातून रुमालात गुंडाळून काढतात ते वडिलांचे चावीचे घड्याळ.

मी मराठीची प्राध्यापिका. घड्याळाशी माझा संबंध तास संपण्यापुरता. पण निरनिराळ्या धंद्यांतले शब्द टिपून ठेवण्याचा मला नाद आहे आणि त्यापायीच मी त्यांच्या टपरीत जाऊन बसू लागले. पहिल्याच दिवशी मी विचारले, "काका, काच चिकटवायला तुम्ही काय वापरता?"

त्यांनी भिंग काढले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, काच चिकटवत नाहीत, बसवतात. जी बसत नाही, ती चिकटवावी लागते."

व्याकरणाच्या तासाला सांगण्याजोगा हा भेद आहे. पायात जोडा बसतो, गणित बसते, घडी बसते. म्हणजे जागच्या जागी, ओढाताण न होता येते. चिकटणे निराळे. घड्याळाच्या काचेचे सारे शास्त्र या दोन क्रियापदांत सामावलेले आहे.

आधी काच ओळखा

कोणता डिंक घ्यावा, हे ठरविण्याआधी समोरची काच कोणती आहे, हे पाहावयाचे असते. हातघड्याळांच्या काचा मुख्यतः तीन प्रकारच्या. पहिली अॅक्रिलिकची, म्हणजे खरे तर प्लॅस्टिकची. हे प्लॅस्टिक १९३० नंतरच्या दशकात बाजारात आले आणि त्याने घड्याळांचा कायापालट केला. तोपर्यंतची काच खरी काच होती. पडली की फुटायची आणि तिचे कण काट्यांत शिरायचे. त्याआधी सेल्युलॉइडच्या 'न फुटणाऱ्या' काचाही निघाल्या होत्या. पण त्या पिवळ्या पडत आणि पेटही घेत. अॅक्रिलिकला ओरखडे पटकन पडतात, पण त्याचे तुकडे उडत नाहीत. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या माणसांबरोबर जी ओमेगा कंपनीची घड्याळे गेली, त्यांची काच याच जातीची होती. अंतराळयानात काचेचा कण तरंगत राहिला तर डोळ्यात जायला वेळ लागत नाही.

दुसरी खनिज काच, म्हणजे कठीण केलेली खरीखुरी काच. तिसरी नीलमाची. नीलम म्हटले म्हणून दचकायला नको. हा प्रयोगशाळेत तयार केलेला बिनरंगी नीलम. काठिण्याच्या दहा अंकी मोजपट्टीवर हिऱ्याला १०, तर याला ९ गुण. घरातल्या किल्लीने, सुरीने त्यावर ओरखडा उठत नाही.

यांतली कोणती, हे ओळखायची काकांची रीत साधी आहे. ते काच हलकेच दातावर टेकवतात. अॅक्रिलिक दाताला कोमट आणि बद्द लागते. काच गार लागते आणि टिकटिक आवाज देते. पाण्याचा थेंब टाकला तर नीलमावर तो गोल, उभा राहतो. साध्या काचेवर पसरतो.

आता गंमत अशी की अॅक्रिलिकच्या गोल काचेला बहुधा डिंक लागतच नाही. ती खाचेपेक्षा किंचित मोठी केलेली असते. पंजासारख्या हत्याराने तिला चोहोबाजूंनी दाबायचे, म्हणजे ती मधे फुगते आणि घेराने लहान होते. मग कड्यात ठेवून हत्यार सैल करायचे, की ती पसरून खाचेत घट्ट होते. काकांच्या भाषेत, ती 'बसली'. डिंक लागतो तो इतरांना: चौकोनी किंवा लांबट आकाराच्या काचा, बायकांच्या जुन्या चिमुकल्या घड्याळांच्या काचा, ज्यांची खाच झिजली आहे अशा काचा, आणि ज्या खनिज काचांना नायलॉनची कडी नसते, त्या साऱ्यांना.

झटपट डिंकाचे धुके

डिंकांमध्ये पहिला मान अर्थात त्या चिमुकल्या नळीचा. हा डिंक कोणत्याही कंपनीचा असो, आपल्याकडे सर्रास फेविक्विक याच नावाने मागितला जातो. शास्त्रज्ञ त्याला सायनोअॅक्रिलेट म्हणतात. त्याच्या जन्माची कथा आपल्या विषयाला फार जवळची आहे. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीतले हॅरी कूव्हर हे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हा पदार्थ त्यांच्या हाती लागला, पण जिथे लागेल तिथे चिकटू लागला, म्हणून त्यांनी तो टाकून दिला. पुढे १९५१ साली त्यांच्याच हाताखाली फ्रेड जॉयनर यांनी त्या पदार्थाचा थेंब एका महागड्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये ठेवला, आणि ते लोलक पुन्हा सुटेनात. तेव्हा कूव्हर यांच्या ध्यानात आले की, आपण टाकून दिला तो दोष नव्हे, गुण आहे. १९५८ साली हा डिंक विक्रीला आला.

पारदर्शकतेच्या शोधात सापडलेला हा डिंक घड्याळाची पारदर्शकताच हिरावून घेतो, हा दैवदुर्विलास. तो वाळतो तो हवेने नव्हे, पृष्ठभागावरच्या ओलाव्याने. वाळता वाळता त्याची थोडी वाफ उडते, ती आसपासच्या थंड पृष्ठभागावर जाऊन बसते आणि तिथेच पांढरी होऊन गोठते. उघड्यावर ही वाफ निघून जाते. घड्याळ ही मात्र बंद डबी. वाफेला जायला वाट नाही. ती काचेच्या आतल्या बाजूस, तबकडीवर, काट्यांवर आणि अंधारात चमकणाऱ्या 'रेडियम'च्या ठिपक्यांवर उतरते. पावसाळ्यात, हवा दमट असताना, हा प्रकार अधिकच होतो. आणि मुळशीकडचा पाऊस काही कोणाला सांगायला नको.

या वाफेचा उपयोग पोलीसही करतात. चोराने हाताळलेली वस्तू बंद पेटीत ठेवून तिला या डिंकाची धुरी दिली, की वाफ बोटांच्या न दिसणाऱ्या ठशांवर बसते आणि ठसे पांढरे होऊन उमटतात. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये ही युक्ती निघाली. चोर पकडणारी ही धुरी तबकडीला मात्र विद्रूप करते.

अशीच एक तबकडी मी काकांच्या मेजावर पाहिली. घड्याळ एच.एम.टी.चे 'जनता', चावीचे. घड्याळ आणणारा तरुण लातूरकडचा, संगणकाच्या कंपनीत नव्याने लागलेला. वडील एस.टी.त कंडक्टर होते आणि निवृत्त होईपर्यंत हेच घड्याळ पाहून त्यांनी गाड्या सोडल्या होत्या. मुलाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्यांनी ते हातातून काढून त्याच्या हातात दिले. काचेला तडा गेला होता. मुलाने हौसेने दुसरी काच मिळवली, ती कड्याला किंचित लहान पडली, म्हणून झटपट डिंकाने चिकटवली. तबकडीवर देवनागरीत छापलेले 'जनता' हे अक्षर जणू पिठात बुडाले होते.

"काका, कशानेतरी पुसता येईल ना?"

काका म्हणाले, "हा डिंक अॅसिटोनने सुटतो बाळा. पण अॅसिटोनने तबकडीचा लेपही सुटतो आणि अक्षरेही. मळ काढताना चेहराच निघून जाईल."

हे केवळ एका घड्याळाचे दुःख नव्हे. एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला निघाला. मुलगा मॅट्रिक झाला, नोकरीला लागला, बोहल्यावर चढला, की मनगटावर एच.एम.टी. यायचे, असा एक काळ होता. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. बाजारात आज 'जनता'च्या चकचकीत तबकड्या मिळतात, पण त्यांतल्या पुष्कळशा नव्याने रंगवलेल्या असतात. वडिलांनी ज्या तबकडीकडे पाहून घंटी मारली, ती एकच असते.

बाकीचे उमेदवार

झटपट डिंक बाद झाला. मग कोणता घ्यावा?

दोन नळ्यांचा इपॉक्सी, म्हणजे अॅरल्डाइटच्या जातीचा डिंक, याच्या ताकदीबद्दल शंका नाही. तो वाफ सोडत नाही आणि फट भरून काढतो. पण त्याचे दोन दोष आहेत. उन्हात वर्षानुवर्षे राहून तो पिवळा पडतो. आणि एकदा धरले की सोडत नाही. पुढे कधी काच बदलायची झाली तर तापवल्याशिवाय तो ढिला होत नाही, आणि तापवायचे म्हणजे आधी आतले यंत्र, तबकडी, सारे बाहेर काढणे आले. शिवाय तो कडक असतो. याचे एक लहानसे गणित आहे. ३० मिलिमीटर व्यासाची अॅक्रिलिकची काच २० अंशांनी तापली तर सुमारे ०.०४ मिलिमीटर वाढते; धातूचे कडे तेवढ्याच उष्णतेने वाढते ०.०१ मिलिमीटर. वातानुकूलित कचेरीतून वैशाखाच्या उन्हात येणारे मनगट दिवसातून चार वेळा तरी ही ओढाताण घडवते. अर्ध्या केसाएवढा फरक. पण वाकायला तयार नसलेला डिंक त्यानेच कडेने सुटू लागतो. खनिज काचेच्या बाबतीत हा फरक पुष्कळ कमी, म्हणून तिथे इपॉक्सी टिकतो.

तिसरा उमेदवार म्हणजे खास घड्याळाच्या काचेसाठी केलेले सिमेंट. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावी, १९१६ साली सुरू झालेल्या आणि घड्याळाच्या काचाच बनविणाऱ्या एका कंपनीचे जी-एस हायपो सिमेंट जगभर घड्याळजी वापरतात. त्याच्या नळीच्या तोंडाला सुई असते, त्यामुळे केसाएवढी रेघ ओढता येते. ते सावकाश वाळते. काच सरळ करायला पाच-दहा मिनिटे मिळतात आणि पुरते घट्ट व्हायला एक दिवस लागतो. वाळल्यावर थोडे लवचिक राहते, पिवळे पडत नाही, धुके धरत नाही. जास्त झालेले स्पिरिटने पुसून काढता येते. ताकद मात्र इपॉक्सीपेक्षा कमी. काका हसून म्हणतात, "काचेला कोण ओढतंय, मॅडम? तिने नुसते जागेवर राहायचे आहे."

चौथा उजेडाचा डिंक. हा नळीतून निघतो तो पाण्यासारखा आणि तसाच राहतो. त्यावर जंबुपार, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, किरण पडले की मिनिटाभरात घट्ट होतो. कारागिराला याहून सोयीचे काय असावे? काच ठेवा, सरळ करा, मनासारखी झाली की दिवा लावा. दिवा नसला तर खिडकीतले ऊनही चालते. खनिज काच आणि नीलम यांना हा फार चांगला. याची अडचण एकच: जिथे उजेड पोचत नाही तिथे तो ओलाच राहतो. कड्याच्या सावलीत, किंवा काचेच्या कडेला काळा पट्टा छापलेला असला तर त्याखाली, तो वाळत नाही. म्हणून दिवा चहूकडून, तिरपा धरावा लागतो. काही प्लॅस्टिकच्या काचा हे किरण अडवतात, तिथे याचा उपयोग नाही.

आणि आपली जुनी लाख? ती घड्याळात काचेसाठी नाही, पण आत आहे. पॅलेटमधले माणकाचे दोन चिमुकले खडे घड्याळजी पिढ्यानपिढ्या लाखेनेच बसवत आले आहेत. कारण? खडा हलवायचा झाला तर लाख थोडी ऊब दिली की मऊ होते, खडा सरकवता येतो, आणि गार झाली की पुन्हा धरते. पळसावर, कुसुमावर वाढणाऱ्या किड्याची ही देणगी स्वित्झर्लंडच्या घड्याळांपर्यंत पोचली ती तिच्या या समजूतदारपणामुळे.

वज्रलेप नको

आपल्या भाषेत चिकटविण्याच्या पदार्थांची श्रीमंती मोठी आहे. कागदाला खळ, सुतारकामाला सरस, खिडकीच्या तावदानाला लुकण, सोनाराला लाख, आणि सर्वांत वरचा म्हणून वज्रलेप. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाची कृतीच दिली आहे: टेंभुर्णीची कच्ची फळे, कवठ, सावरीची फुले इत्यादी पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायची, त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल घालायचे आणि हा लेप देवळे, मूर्ती, भिंती यांना गरम गरम लावायचा. तो एक कोटी वर्षे टिकतो, असे आचार्यांचे सांगणे. देवळाला ते शोभते. घड्याळाला असा लेप काय कामाचा? चावीच्या घड्याळाला काही वर्षांनी तेल द्यावे लागते, काचेवर ओरखडे पडतात, ती बदलावी लागते. ते उघडण्यासाठीच केलेले यंत्र आहे. म्हणून काचेच्या डिंकाची परीक्षा 'किती घट्ट धरतो' एवढ्यावर संपत नाही. पुढच्या कारागिराला तो सोडवता येईल की नाही, हेही पाहावे लागते.

त्या लातूरच्या मुलाच्या घड्याळाचे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. काकांनी यंत्र काढून घेतले, ती खोटी काच सोडवली, कडे साफ केले आणि योग्य मापाची अॅक्रिलिकची काच पंजाने दाबून बसवली. डिंकाचा एक थेंबही लागला नाही. मूळ तबकडीला जी काच हवी होती, तिला डिंक नकोच होता! तबकडीबद्दल त्यांनी मुलाला दोन वाटा सांगितल्या: रंगवलेली नवी घालायची, की हीच ठेवायची. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबा दिवाळीला येणार आहेत. हीच राहू द्या." काकांनी रबरी फुग्याने तबकडीवरची धूळ तेवढी उडवली आणि घड्याळ बंद केले. पांढरेपणातून 'जनता' हे अक्षर वाचता येते. लक्ष देऊन पाहावे लागते, इतकेच.

ज्यांना घरच्या घरी हे काम करायचे आहे, त्यांच्यासाठी काकांनी सांगितलेला क्रम देते. आधी काच कोणती, ते ओळखा. अॅक्रिलिकची गोल काच असेल तर डिंकाचा विचार सोडा आणि योग्य मापाची काच बसवून घ्या. इतर काचांसाठी, शक्य असेल तर यंत्र आणि तबकडी बाहेर काढूनच काम करा. कड्याच्या खाचेतला जुना डिंक आणि मळ लाकडी काडीने खरवडा. धातू आणि खरी काच स्पिरिटने पुसा, प्लॅस्टिकला मात्र स्पिरिट, अॅसिटोन दाखवू नका, त्याने त्यात बारीक तडे जातात. डिंकाची रेघ काचेला नव्हे, खाचेला ओढा, आणि ती वाटते त्याहून निम्मी ठेवा. काच टेकवा, हलके दाबा, कागदी चिकटपट्टीने धरून ठेवा आणि दिवसभर हात लावू नका. झाकण लावण्यापूर्वी आतून फुंकर घालू नका. तोंडातल्या वाफेचे पाणी होते. आणि चिकटवलेली काच घालून पोहायला जाऊ नका. नव्या घड्याळावर '३० मीटर' लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ हात धुताना उडणारे शिंतोडे, एवढाच असतो.

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या तळाशी, लग्नपत्रिकांच्या आणि जुन्या पासबुकांच्या खाली, एखादे बंद पडलेले घड्याळ अनेक घरांत सापडेल. काच निखळलेली असेल, काटे कुठल्यातरी सव्वासातावर थांबलेले असतील. ते रुमालात गुंडाळावे, आणि आपल्या गावात अजून भिंग लावून बसणारा एखादा घड्याळजी आहे का, याची चौकशी करावी. टेबलाच्या खणातली ती चिमुकली नळी मात्र चपलेच्या तळासाठी राहू द्यावी.